पुरुषार्थ, काम आणि उत्तरदायित्व

'पुरुषार्थ' या शब्दाचा मराठीतील प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृत परंपरेने धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष अशी चार पुरुषार्थांची मांडणी केली आणि तीत कामाला स्वतःचे स्थान दिले. रोजच्या मराठीत मात्र पुरुषार्थ म्हणजे पराक्रम, कर्तबगारी. 'यात कसला आला पुरुषार्थ?' असे कोणी विचारतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते ते धाडस. प्रेम करण्यात, दुसऱ्या शरीराचा मान राखण्यात, जवळीक निभावण्यात काही पुरुषार्थ असू शकेल, ही शक्यता त्या प्रश्नाच्या कक्षेतच येत नाही. अर्थाचा हा संकोच केवळ भाषिक अपघात मानता येत नाही. पुरुषाच्या लैंगिकतेविषयी मराठी समाज शतकानुशतके बोलत आला आहे; परंतु तो बोलतो ते मर्दुमकीच्या, बदफैलीच्या किंवा रोगाच्या भाषेत. पुरुषाच्या कामनेलाही कोणापुढे तरी उत्तर द्यावे लागते, हा विचार त्या भाषेत क्वचितच उमटतो. तो जेव्हा उमटला तेव्हा कोठून आला, आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहणे साहित्यविचाराच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

या चिकित्सेचा आरंभ कोरेगाव भीमापासून करणे वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. भीमेच्या काठी, पेरणे गावच्या हद्दीत उभा असलेला स्तंभ हे युद्धाचे स्मारक आहे. शृंगाराशी त्याचा काय संबंध? ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली कंपनी सरकारची तुकडी सुमारे पंचवीस मैलांची मजल मारून आली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेशी दिवसभर झुंजली. स्तंभावरील ४९ मृतांपैकी २२ नावे महार सैनिकांची आहेत. नावाअखेरचे 'नाक' ही त्यांची खूण. त्या दिवशी जिंकले कोण, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण ज्यांची सावलीही विटाळाची मानली गेली त्यांची येथे नावानिशी, इतरांच्या रांगेत नोंद झाली, या एका गोष्टीपुढे तो वाद दुय्यम ठरतो. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या टोपीवर सुरुवातीला हाच स्तंभ चिन्ह म्हणून होता.

स्तंभ या पुरुषांविषयी जे सांगतो ते त्यांच्या मृत्यूपुरते. ते कोणाच्या सोबतीला पारखे झाले, रात्रीच्या त्या चालीत एकमेकांच्या आधाराने चाललेल्यांचे परस्परांशी काय नाते होते, घरी परतलेला शिपाई आपल्या माणसांशी कसा वागला, यांतले काही दगडावर कोरले जात नाही. स्मारकांची ती रीतच आहे आणि त्याबद्दल स्मारकाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न निराळा आहे. जातिव्यवस्थेने ज्यांचे पुरुषत्व नाकारले, ज्यांना शस्त्र, वस्त्र, वाट आणि पाणी या सर्वांपासून दूर ठेवले, त्यांना ते पुरुषत्व परत मिळते तेव्हा नेमके कोणते परत मिळते? हिरावून घेणाऱ्याकडे जे होते तेच, की काही वेगळे? हा प्रश्न लष्करी इतिहासाचा नाही, नीतीचा आहे. आणि तो महारांपुरताही नाही. अपमानित झालेला कोणताही समूह आपली प्रतिष्ठा उभारतो तेव्हा त्याला प्रतिष्ठेचा नमुना बहुधा अपमान करणाऱ्याकडूनच उसना घ्यावा लागतो.

तो नमुना काय होता हे पाहण्यासाठी भीमेच्या पलीकडच्या छावणीकडे वळावे लागते. उत्तर पेशवाईत शाहिरी लावणी बहरली. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही सारी मंडळी वेगवेगळ्या जातींची आणि सारे पुरुष. होनाजीला दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. या लावणीत स्त्री आपल्या देहाची ओढ मोकळेपणाने बोलते, म्हणून तिच्या धीटपणाचे कौतुक करण्याची प्रथा समीक्षेत आहे. ती बोलते खरी. पण तिचे शब्द पुरुषाचे, फडावर तिचा वेष घेऊन नाचणारा पोऱ्या मुलगा, ऐकणारेही मुख्यतः पुरुषच. स्त्रीच्या मुखाने पुरुष पुरुषांना आपल्याच कामनेचे वर्णन ऐकवत होता, असा या रचनाबंधाचा अर्थ लावता येतो. विरहिणीचा पती बहुधा स्वारीवर गेलेला असतो. दर रात्री ती त्याची वाट पाहते. स्वारीवरच्या त्या पुरुषाचे स्वतःचे विरहगीत मात्र शोधूनच काढावे लागते; तंबूत तो काय आठवत होता, कोणाच्या कुशीत निजत होता, याविषयी लावणी गप्प आहे. पोवाड्याने त्याचा घोडा आणि तलवार घेतली, लावणीने त्याची अनुपस्थिती घेतली, आणि या दोहोंच्या मध्ये तो पुरुष निसटला.

लावणीच्या या शृंगाराखाली राज्याची एक कठोर व्यवस्था होती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत; 'बदकर्मा'च्या आरोपाखाली स्त्रीला सरकारी गुलामीत टाकण्याची शिक्षा होती. त्याच कृत्यातील पुरुष दंड भरून आणि प्रायश्चित्त घेऊन जातीत परत येऊ शकत असे. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जात यांच्या संबंधावर केलेल्या लेखनाने हे दाखवून दिले की शृंगाराची ती मोकळीक खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांच्या श्रमावर आणि देहावर उभी होती. कामना ही वरच्या पुरुषाची मिरासदारी होती. खालच्या पुरुषाच्या वाट्याला आली ती लाज, आपल्या घरातील स्त्रीचे रक्षण करता न येण्याची लाज. जातीने पुरुषत्वाचे केलेले हे विभाजन ध्यानात घेतले म्हणजे स्तंभाचे महत्त्व कळते, आणि त्याची मर्यादाही.

ही मर्यादा ज्यांनी प्रथम ओळखली त्यांत पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांचे नाव घ्यावे लागते. कोरेगावच्या स्तंभापाशी महारांना एकत्र आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे आले ते या परंपरेला अनुसरूनच. इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत स्वीकारून महारांची लष्करभरती बंद केली होती. १९१० साली कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला, त्यात लष्कराची आणि पोलिसांची दारे पुन्हा उघडावीत ही मागणी होती. कांबळे यांचे हे कार्य चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्याच सुमारास ते दुसरे एक काम करीत होते, आणि ते पहिल्याइतके उल्लेखिले जात नाही. १९०८ साली त्यांनी सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' या मासिकातून जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याच्या चालीवर त्यांनी हल्ला चढवला. १९०९ साली त्याच मासिकात शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र छापले गेले. दलित स्त्रीच्या आरंभीच्या छापील शब्दांपैकी ते एक. कांबळे यांनी आपल्या समाजातील तरुणांना मुरळ्यांशी लग्न करण्याचे आवाहन केले. त्यांच्या एका सहकाऱ्याने शिवूबाईंशीच विवाह केला.

ही दोन कामे एकाच माणसाने एकाच काळात केली, याचा अर्थ लावण्याचे आपण टाळत आलो आहोत. अर्जात मागणी सरकारकडे आहे: आमचे शौर्य मान्य करा. मासिकात मागणी आपल्याच पुरुषांकडे आहे: तुमच्या कामनेचा हिशेब द्या. पहिली मागणी करताना अभिमानाने मान ताठ होते, दुसरी करताना खाली जाते. देवाच्या नावाने वाहिलेली मुलगी कोणाच्या उपभोगाला येते, तिला वाहतो कोण, तिच्या लेकरांचा बाप कोण, हे प्रश्न गावच्या पाटलापाशी थांबत नव्हते, ते महारवाड्यातही शिरत होते. खंडोबाच्या उपासनेत वाघ्या आणि मुरळी दोघेही देवाला वाहिलेले. पण वाघ्याच्या देहावर गावाचा हक्क चालत नसे, मुरळीच्या देहावर चालत असे. विधी सारखाच असला तरी लिंगानुसार त्याचे फलित बदलले. परशासनाकडे मान मागणे आणि स्वजनांकडे जाब मागणे यांत दुसरे अधिक अवघड, कारण त्यात टाळ्या मिळत नाहीत.

कांबळे यांच्या उपायाला असलेली चौकट दुर्लक्षून चालणार नाही. मुरळीच्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर होते ते विवाहाचे. पतित मानलेल्या स्त्रीला गृहिणी करून तिचा उद्धार करणारा पुरुष, हीही एक जुनीच पुरुषप्रतिमा. तीत कर्ता तोच राहतो. शिवूबाईंनी पत्र लिहिले, म्हणजे त्या स्वतः बोलल्या. परंतु चळवळीच्या स्मरणात त्यांचे पत्र कमी आणि त्यांच्याशी झालेला विवाह अधिक राहिला. तरीही एक भेद उरतोच. त्या काळच्या सुधारकी लेखनात वेश्येचा प्रश्न स्त्रीच्या शीलाचा प्रश्न म्हणून मांडला जाई. कांबळे यांनी तो पुरुषाच्या जबाबदारीचा म्हणून मांडला. कायद्याने तेवढेही केले नाही. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने वाहण्याचा विधी करणाऱ्याला, त्याला संमती देणाऱ्याला आणि त्यात भाग घेणाऱ्याला शिक्षेस पात्र ठरवले. वाहिलेल्या स्त्रीचा उपभोग घेणारा पुरुष कायद्याच्या वाक्यात कोठे नव्हता.

पुरुषाच्या कामनेला केंद्रस्थानी ठेवून जातीची उपपत्ती मांडणारा पहिला भारतीय विचारवंत म्हणून आंबेडकरांकडे पाहिले जात नाही, याचे आश्चर्य वाटते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी सजातीय विवाह हे जातीचे मर्म मानले, आणि जातीच्या आत स्त्रीपुरुषांची संख्या जुळेना म्हणजे काय करायचे असा प्रश्न उभा केला. पती मरून मागे उरलेली स्त्री अतिरिक्त, तसाच पत्नी मरून मागे उरलेला पुरुष अतिरिक्त. स्त्रीचा निकाल सतीने किंवा सक्तीच्या वैधव्याने लावला गेला. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याच्यावर संन्यास लादणेही समूहाला परवडत नाही, कारण त्याचे श्रम हवेत. मग लग्नाच्या वयाला न पोहोचलेल्या मुलींतून त्याला वधू दिली जाते. म्हणजे सती, वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींच्या मुळाशी एकच सोय आहे: पुरुषाच्या कामनेला आवर घालायचा नाही, तिच्याभोवती इतरांची आयुष्ये रचायची. स्त्रीप्रश्न म्हणून आपण ज्याची चर्चा करतो तो येथे पुरुषप्रश्न म्हणून समोर येतो.

या दृष्टीने १९२७ हे साल विलक्षण आहे. जानेवारीत कोरेगाव, मार्चमध्ये महाडचे चवदार तळे, डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. आणि मध्ये जुलै महिन्यात मुंबईहून र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक. या घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. संबंध जुळला तो सात वर्षांनी. विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांचा हा मुलगा. त्याने रोष पत्करला तो याहून अधिक अडचणीच्या विषयासाठी. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी गेली, आणि पुढे १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवले. १९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्या प्रश्नांतले विषय. कर्वे यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. आंबेडकर.

आंबेडकरांचा युक्तिवाद असा होता की लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील ठरत नाही. विकृत प्रश्न छापायचेच कशाला आणि त्यांना उत्तरे तरी का द्यायची, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे होते की विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, आणि ज्ञान द्यायचे तर उत्तर द्यावे लागेल. समलिंगी संबंधांच्या संदर्भात त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला ते हरले. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. या प्रसंगाकडे आविष्कारस्वातंत्र्याचा प्रसंग म्हणून पाहिले जाते, आणि ते बरोबरच आहे. अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या अजित दळवी यांच्या 'समाजस्वास्थ्य' या नाटकाने तो नव्या पिढीपर्यंत नेला. पण त्यात याहून खोल असे काही आहे. मराठी पुरुष येथे प्रथमच, नाव न सांगता का होईना, प्रश्न विचारताना दिसतो. मर्दाला प्रश्न पडत नसतात, त्याला सगळे माहीत असते, असा संकेत. आणि येथे एक पुरुष आपल्या देहाविषयी, आपल्या भीतीविषयी, दुसऱ्या पुरुषाच्या ओढीविषयी टपालाने विचारणा करतो आहे. मिशेल फूको यांनी १९७६ साली 'लैंगिकतेचा इतिहास' लिहिताना पाश्चात्त्य समाजातील कबुलीजबाबाच्या परंपरेवर भर दिला: बोलणाऱ्याने आपले गुपित सांगायचे आणि ऐकणाऱ्याने त्याच्यावर सत्ता मिळवायची. 'समाजस्वास्थ्य'च्या पत्रव्यवहाराला हे वर्णन नीट लागू पडत नाही. तेथे कबुली मागितली जात नाही. प्रश्न येतो, उत्तर जाते, आणि विचारणारा आपल्या वाटेने जातो. अपराधी ठरतो तो उत्तर देणारा.

जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी आणि पोतराज यांच्या सभेत आंबेडकरांनी त्यांना तो जीवनक्रम सोडून देण्यास सांगितले, तेव्हा भाषा बदललेली होती. येथे प्रतिष्ठेचा आग्रह होता, आणि तो स्त्रियांपुढे मांडला जात होता. न्यायालयात ज्ञानाच्या बाजूने उभा राहणारा विचारवंत आणि सभेत अब्रूच्या बाजूने बोलणारा नेता यांत विसंगती शोधणे सोपे आहे. धर्मांतराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजाला आपल्या स्त्रियांच्या देहावरील गावाचा हक्क एकदाचा मोडून काढायचा होता, हे विसरले तरच ती विसंगती इतकी ठळक दिसेल. तथापि अब्रूच्या भाषेची एक किंमत असते. ती शोषकाचा हक्क मोडते आणि त्याच हाताने घरातल्या पुरुषाचा पहारा वाढवते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातील जे जीवन लिहिले त्यात संशयावरून सुनेचे नाक कापणारे नवरे आणि पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा आहे. गावाने ज्याला पुरुष मानले नाही त्याने आपले पुरुषपण सिद्ध केले ते अशा जागी. ज्यांच्या नावाअखेरीस 'नाक' हा मानाचा प्रत्यय होता त्यांच्याच घरात नाक या शब्दाला हाही अर्थ होता, हे लिहिण्याचे धैर्य पुरुषांच्या आत्मकथनांत सहज सापडत नाही.

सापडते ते निराळ्या रूपात. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा त्याची चर्चा जातीच्या अनुभवाचा दस्तऐवज म्हणून झाली. त्याची रचना मात्र दुभंगलेल्या पुरुषाची आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या प्रतिष्ठित लेखकाला सांगतो. बोलणारा आणि ऐकणारा एकच. याच पुस्तकात सई ही पहिली पत्नी आहे. तिच्यावर संशय घेतला जातो, संसार मोडतो, आणि त्या मोडण्याची खंत निवेदनाला सोडत नाही. पश्चात्ताप खरा आहे. पण तो दगडूने दया पवारांपाशी व्यक्त केला आहे, म्हणजे पुरुषाने पुरुषापाशीच. सईला बोलण्याची जागा त्या रचनेत नाही. कबुली आणि उत्तर यांतला फरक येथे स्पष्ट होतो. कबुली सांगणाऱ्याला मोकळे करते, तर उत्तर द्यायचे असते ते ज्याचे नुकसान झाले त्याला. दलित आत्मकथनांच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेने हा फरक तपासला नाही, आणि त्यांना अश्लील म्हणणाऱ्यांना तो दिसण्याची शक्यताच नव्हती.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) प्रश्न उलट बाजूने येतो. बारा माशांचा तोळा. अकरा भरले तर माल उणा. हिणकसपणाचे हे सोनाराचे माप लावले जाते ते मुलाला, उपभोगून निघून गेलेल्या पाटलाला नाही. आई मसामाई गावाच्या निंदेत आहे, मुलगा शाळेपासून सोयरिकीपर्यंत प्रत्येक उंबऱ्यावर अडतो, आणि ज्याच्या कामनेतून हे सारे घडले तो बाप तोळाभर शुद्धच राहतो. मराठी साहित्यात वरच्या जातीच्या पुरुषाने आपल्या अशा संततीविषयी लिहिलेले आत्मकथन आहे काय? ब्राह्मण आणि मराठा लेखकांनी आपले बालपण, गाव, वाडा, आजोळ यांवर उदंड लिहिले. त्या वाड्यांच्या मागल्या दारी काय घडत होते, हे मात्र आपल्याला कळले ते त्या दाराबाहेर जन्मलेल्या मुलाकडून. 'अक्करमाशी'वर लिहिताना लेखकाच्या वेदनेचे कौतुक करून थांबणारी समीक्षा म्हणूनच अपुरी पडते. त्या पुस्तकातील प्रश्नाचा खरा पत्ता वाडा आहे, आणि वाड्याने अजून पोच दिलेली नाही.

पुरुषाची पुरुषाशी जवळीक हा या विषयाचा सर्वांत मुका भाग. मराठीत त्यासाठी शब्द नव्हते असे म्हणणे खरे नाही. शब्द होते, पण ते शिवीचे, चेष्टेचे किंवा देवाच्या नावाचे. यल्लम्माला वाहिलेला आणि लुगडे नेसून परडी घेणारा जोगता समाजाने डोळ्यांदेखत सांभाळला, कारण त्याच्या वेगळेपणाची जबाबदारी देवीवर टाकता येत होती. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' कादंबरीत जोगत्याचे आयुष्य आले. ती अंधश्रद्धेविरुद्धची कादंबरी म्हणून वाचली गेली आणि तिच्यातील पुरुषदेहाची तगमग सामाजिक समस्येच्या रकान्यात जमा झाली. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात; तेथे देवीचा आडोसा नाही, पुण्यातले मध्यमवर्गीय घर आहे. घरातल्यांना मुलीचे पळून जाणे दिसते, मुलाचे दुःख दिसतच नाही. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करून या दुःखाला मराठीत साधी, न लाजणारी भाषा दिली. साहित्याच्या इतिहासकारांनी त्या लेखनाची दखल घेतली नाही ती बहुधा 'ते साहित्य नव्हे' या सबबीवर. 'समाजस्वास्थ्य'लाही हीच सबब लागू केली गेली होती.

२०१८ साली दोन तारखा एका वर्षात आल्या. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या द्विशताब्दीच्या दिवशी परिसरात हिंसाचार झाला आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवले. त्या निकालाचा एक आधार संविधानिक नीती हा होता. ही संकल्पना आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती; ही नीती माणसाला उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. १९३४ साली दोनशे रुपये दंडाने संपलेला वाद अशा रीतीने चौऱ्याऐंशी वर्षांनी पुन्हा न्यायालयात आला आणि हरलेल्या वकिलाची बाजू मान्य झाली. स्तंभाभोवतीच्या हिंसेवर त्या वर्षी जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशही या नात्यावर लिहिले गेले नाही. बहुधा स्वाभिमान आणि कामना हे दोन विषय एकाच माणसाचे असू शकतात, ही कल्पना दोन्ही बाजूंच्या लेखकांना सवयीची नव्हती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर असे काहीच नाही. संमतीचे संबंध आधीच मोकळे झाले होते, त्यामुळे त्या बाजूने काही हरवले नाही. पण जुन्या कलमाचा जो भाग न्यायालयाने शिल्लक ठेवला होता, संमतीवाचून पुरुषावर झालेल्या लैंगिक बळजबरीचा, तोही त्याबरोबर गेला. बलात्काराच्या व्याख्येत बळी स्त्रीच आहे. प्रौढ पुरुष आपल्यावरील अशा अत्याचाराची फिर्याद घेऊन शिरूरच्या किंवा मुंबईच्या ठाण्यात गेला, तर ती दुखापत, मारहाण किंवा अटकाव अशा कोणत्या तरी कलमाखाली नोंदवावी लागते. त्याच्या देहाला काय झाले याचे नाव त्या कागदावर येत नाही.